माझ्या ठिणग्या सगळ्यांनी पाहिल्या

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. खरं तर मला सहाच वर्षं झाली. पोलादाच्या वस्तूला सहा वर्षं म्हणजे काहीच नाही. तरी माझं पातं बघा, रुंदीला जेमतेम निम्मं उरलंय. हे वापरून झिजलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं, उलट मिरवलं असतं. पण मी झिजलो नाही. मला जाळलं. आणि जाळलं कुणी, तर ज्यानं मला सगळ्यांत जास्त जपलं त्यानंच. तेव्हा ही गोष्ट मी गोड आवाजात सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या कारखान्यात झाला. अमेरिका म्हटलं की तुम्हाला काचेच्या उंच इमारती दिसतात. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड आणि पन्नासेक माणसं. तिथं घडीचे चाकू बनतात, म्हणजे ज्यांचं पातं मुठीत मिटतं आणि जे खिशात मावतात असे. काही चाकू तिथं फार महागडे बनतात. मी त्यांतला नाही. मी त्या कारखान्याचा सगळ्यांत स्वस्त माल. मला कुणी ऐरणीवर ठोकून घडवलं नाही. पोलादाच्या पत्र्यातून प्रेसनं माझं पातं कापलं, साच्यानं शंकरपाळे पाडावेत तसं. मूठ काळ्या प्लॅस्टिकची, शिंगाची वाटावी म्हणून वरून खडबडीत केलेली. साच्याच्या जोडानं तिच्या कडेला उमटलेली शिवण घासून काढायला कुणाला वेळ नव्हता, ती आजही बोटाला लागते. मला उजेडाकडे धरलं तर पाठीची स्प्रिंग आणि शेजारची पितळी पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते.

हे सगळं मी आपण होऊन सांगतोय. दोष पॉलिश मारून लपवायची सवय माणसांना असते, मला नाही. पण आता दुसरी बाजूही ऐका. स्वस्त वस्तू बनवताना कुठंतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो कुठं आखडला हे पाहिलं की वस्तूची किंमत कळते. माझ्या बाबतीत तो मुठीत आखडला, चकाकीत आखडला, डब्यात आखडला. पोलादात नाही. आणि पोलादाला पाणी देण्यात तर मुळीच नाही.

पाणी देणं हा लोहारांचा शब्द आहे, पाण्याऐवजी तेल वापरलं तरी ते असंच म्हणतात. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, इतकं कडक की हातातून पडलं तर तुकडे व्हावेत. मग त्याला पुन्हा मंद आचेवर दोन तास मुरवायचं, म्हणजे कडकपणा राहतो आणि ठिसूळपणा जातो. आच जरा कमी पडली की पातं तुटतं, जरा जास्त झाली की धार टिकत नाही. चांगलं पोलाद पैसे टाकले की कुणालाही मिळतं. पाणी मात्र कुणीतरी भट्टीपाशी उभं राहून, डोळ्यात तेल घालून द्यावं लागतं. माझ्या पात्याला ते दिलं मंजिरी लांजेवारनं. मंजिरी रायपूरची.

मंजिरी रायपूरच्याच कॉलेजात धातुशास्त्र शिकली, पुढचं शिकायला अमेरिकेत गेली आणि आमच्या कारखान्यात भट्टीच्या कामावर लागली. ती आली तेव्हा आमच्या स्वस्त चाकूंची अब्रू गेलेली होती. एकाची धार आठवड्यात जायची, दुसऱ्याचं टोक नुसतं वाकवलं तर मोडायचं. दुकानदार खोकी भरून माल परत पाठवत होते, आणि मालकानं स्वस्त चाकू बंदच करायचं ठरवलं होतं. मंजिरीनं सात महिने त्या भट्टीचा पिच्छा पुरवला. मागच्या कोपऱ्यात आच जास्त लागते आणि दारापाशी कमी, हे तिनं शोधलं. ट्रे कसे ठेवायचे, कधी फिरवायचे, किती वेळ ठेवायचे, सगळं नव्यानं बसवलं. त्यानंतर परत येणारा माल थांबला. ते जमल्यावर निघालेल्या पहिल्या ट्रेमध्ये मी होतो. मंजिरीनं मला उचललं, कारखान्याच्याच दुकानात रीतसर विकत घेतलं आणि सुट्टीला येताना बॅगेत घालून बाबांसाठी रायपूरला आणलं.

तिचे बाबा मारोती लांजेवार. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सव्वीस वर्षं रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये आहेत आणि आता फोरमन झालेत. उरल्यात जे आहे ते सगळं लोखंडाचं, हवासुद्धा. त्या मिलमध्ये भंगार येतं, वितळतं आणि त्याच्या सळ्या होऊन बाहेर पडतात. मारोतीरावांचं तिथं नाव आहे ते एका गोष्टीसाठी. भंगारातला कुठलाही तुकडा त्यांच्या हातात द्या, ते तो फिरत्या ग्राइंडरच्या चाकाला क्षणभर टेकवतात, उडणाऱ्या ठिणग्या पाहतात आणि सांगतात की हे कसलं लोखंड आहे. साध्या लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते. चांगल्या पोलादाची फुलबाजीसारखी फुटत जाते. हे खरं शास्त्र आहे बरं, जादू नाही. कागदावर लिहून आलेला माल खोटा आणि मारोतीरावांची ठिणगी खरी, असं कितीदा तरी झालंय. बाहेरच्या मिलमधलेसुद्धा तुकडे घेऊन त्यांच्याकडे येतात. हे सगळं ध्यानात ठेवा, कारण माझा घात याच हुशारीनं केला.

पहिली चार-पाच वर्षं मात्र माझी सुखाची गेली. मी मारोतीरावांच्या शर्टाच्या खिशात राहायचो. मिलमध्ये मी सुतळ्या कापल्या, रबराच्या चकत्या कापल्या, वायरींची कातडी सोलली. दुपारच्या सुट्टीत मी बिही कापायचो. बिही म्हणजे पेरू, इथं त्याला तसंच म्हणतात. मारोतीरावांनी मला कधी स्क्रू फिरवायला वापरलं नाही की डबा उचकटायला वापरलं नाही. महिन्यातून एकदा ते दगडावर पाणी शिंपडून मला दहा मिनिटं घासायचे, की पुन्हा महिनाभर बघायला नको. माझं पातं वापरून करडं पडलं. ते गंजलं असं वाटून त्यांच्या बायकोनं, शारदाताईंनी, एकदा मला चिंचेनं घासायला घेतलं, तेव्हा तो गंज नव्हे असं सांगत मारोतीराव धावत आले. शारदाताईंनी मग तेलाचं बोट फिरवून मला ठेवून दिलं आणि पुढंही तेच करत राहिल्या. खंडेनवमीला घरातले पाने, हातोडी, करवत पाटावर मांडले जायचे, आणि त्यांच्या मधोमध मी. माझ्यावर हळदकुंकू वाहताना मारोतीराव दर वर्षी शेजाऱ्यांना सांगायचे, हा अमेरिकेचा आहे.

आता तुम्हीच सांगा, मला अमेरिकेचा म्हणवून घेण्यात काय आनंद? मी मंजिरीनं पाणी दिलेला होतो. हे त्यांना माहीत होतं, तिनं फोनवर दहादा सांगितलं होतं. तरी त्यांच्या तोंडी देशाचं नाव पहिलं यायचं. मुलगी तिथं नक्की काय करते असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, मोठ्या कंपनीत आहे. चाकूच्या कारखान्यात आहे असं म्हणताना त्यांची जीभ अडखळायची. मला तेव्हाच राग यायला हवा होता. पण खिशात ऊब होती आणि मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी मंजिरीनं परत यायचं ठरवलं. त्यासाठी तिनं एक साधा आणि चांगला बेत केला. मिलमध्ये सळ्या कापणाऱ्या मशीनची मोठी पाती असतात. ती बोथट झाली की नवी पाती पाणी देऊन आणायला दुसऱ्या गावी पाठवावी लागतात आणि चार-पाच दिवस काम रखडतं. मिलच्या मागे एक शेड रिकामी पडून होती. तिथं आपली भट्टी लावायची आणि उरल्यातल्या सगळ्या मिलच्या पात्यांना पाणी द्यायचं, असं मंजिरीच्या मनात होतं. मिलचे मालक इंद्रजीतभैया यांना कल्पना पटली. पण ते व्यवहारी माणूस. ते मारोतीरावांना म्हणाले की बिटियाचं काम दाखवा, मग शेडचं बोलू. मंजिरीनं फोनवर बाबांना सांगितलं की दाखवायला तुमचाच चाकू ठेवा. नवा चाकू कोणीही चकचकीत करून दाखवेल, पाच वर्षं खिशात वापरलेला चाकू दाखवला तर काम कळेल. ती दिवाळीनंतर सुट्टी काढून येणार होती आणि इंद्रजीतभैयांनी एक शनिवार ठरवला होता. म्हणजे मंजिरीचं रायपूरला परतणं माझ्या धारेवर ठरायचं होतं. मला त्याची धास्ती नव्हती. मी तयार होतो.

त्याच्या आधी आली भाऊबीज. शारदाताईंचे भाऊ निरंजनमामा ओवाळून घ्यायला आले. रायपूरच्या पंडरी बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. ताणून पाहिल्याशिवाय, चुरगळून पाहिल्याशिवाय ते कापडाचा एक ताका घेत नाहीत. पण मला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. शारदाताई माझ्यानं सफरचंद कापत होत्या तेव्हा मामांनी मुठीवरचं कंपनीचं नाव वाचलं, मोबाइल काढला आणि माझी अमेरिकेतली किंमत शोधली.

"भाऊजी, हा तं तिथचा सगळ्यात सस्ता माल हाय," ते हसत म्हणाले. "दुकानात काउंटरवर डब्यात पडून राह्यते म्हणे. अन् तुम्ही पाटावर मांडून राहिले. पोट्टी एवढ्या दूर जाऊन छुऱ्या बनवून राहिली, अन् त्याबी सस्त्या."

शारदाताईंनी मामांना गप्प केलं आणि फराळाचं ताट पुढं सरकवलं. मामांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते तेवढ्यावरच विसरले असतील. मारोतीराव विसरले नाहीत. त्यांनी मला उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. पाच वर्षं मी त्यांच्या हातात होतो, माझी धार त्यांच्या अंगठ्याला पाठ होती. पण त्या दिवशी त्यांना पहिल्यांदाच मुठीची शिवण दिसली आणि स्प्रिंगशेजारची फट दिसली. किंमत कळली की माणसाचे डोळे बदलतात हे मी तेव्हा पाहिलं, आणि ते फार घाणेरडं असतं.

 दुसऱ्या दिवशी दुपारी मिलमध्ये त्यांनी मला खिशातून काढलं. शनिवार चार दिवसांवर होता, आणि शनिवारी लोकांत शोभा व्हायला नको म्हणून त्यांना आधी स्वतः खात्री करून घ्यायची होती. खात्री करायची त्यांची एकच रीत होती. ते ग्राइंडरपाशी गेले. आसपासची माणसं जमली, मारोतीभाऊ काय तपासतात म्हणून. त्यांनी माझं पातं उघडलं आणि धारेची बाजू चाकाला लावली.

ठिणग्या उडाल्या. छान फुटणाऱ्या, दाट ठिणग्या. लोक वाहवा करू लागले. मारोतीरावांचा चेहरा असा खुलला की बस. "पाहा," ते म्हणाले, "माह्या पोरीचा माल हाय हा." आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी मला आणखी थोडा वेळ तिथंच धरून ठेवलं.

मित्रांनो, इथं माझ्या रागाला पार राहत नाही. ठिणगीवरून पोलाद कळतं. पोलाद तर दुसऱ्याच कुठल्या मोठ्या कारखान्यातून पत्र्याच्या रूपात आलेलं होतं, त्यात मंजिरीचा काय हात? तिचं होतं ते पाणी, आणि पाणी ठिणगीत दिसत नाही. उलट कोरड्या चाकावर पातळ धार धरली तर ती क्षणात तापते, मंद आचेवर दोन तास मुरवताना लागलेल्या आचेच्या कितीतरी पुढं जाते, आणि दिलेलं पाणी उतरून जातं. म्हणजे लेकीचं काम चांगलं आहे हे दाखवण्यासाठी मारोतीरावांनी माझ्यातलं नेमकं लेकीचं तेवढं जाळून टाकलं. आणि लोक टाळ्या वाजवत होते.

त्यांनी मला चाकावरून काढलं तेव्हा माझी धार टोकापासून मध्यापर्यंत निळी पडली होती. निळा रंग म्हणजे काय, हे सव्वीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला कळत नाही असं मला कुणी सांगू नये. त्यांना कळलं. कळलं म्हणूनच त्यांनी मला चटकन लोकांच्या नजरेआड वळवलं. पण भोवती माणसं होती आणि ती कौतुक करत होती. मारोतीराव इतकुसा डाग आहे असं काहीतरी पुटपुटले, मला कोपऱ्यात घेऊन गेले आणि पॉलिश पेपरनं तो निळा रंग घासून काढला. मी नव्यासारखा चमकू लागलो. मग त्यांनी दगडावर मला धारही लावली. जळलेल्या पोलादालाही धार लागते, फक्त ती टिकत नाही.

मंजिरी शुक्रवारी आली. तिनं मला उघडून पाहिलं आणि विचारलं की एवढं पॉलिश कुणी केलं. बाबा म्हणाले, सेठला दाखवायचा आहे ना म्हणून. ती हसली. तिला शंका यायचं काही कारण नव्हतं. आपले बाबा आपल्याला फसवतील असं कुठल्या मुलीच्या मनात येतं?

शनिवारी मिलमध्ये इंद्रजीतभैया, आठ-दहा कामगार, मारोतीराव आणि मंजिरी असे जमले. मंजिरीनं भैयांना सांगितलं की समोरचा जाड दोर हा चाकू चाळीस वेळा कापेल आणि त्यानंतर कागदही वस्तऱ्यासारखा चिरेल. ती हे मोठेपणा म्हणून सांगत नव्हती. कारखान्यात आम्ही चाळीसच्या पुढं जायचो. तिनं स्वतः कापायला सुरुवात केली. पाच झाले, सहा झाले. सातव्याला तिला जोर लावावा लागला. नवव्याला माझी धार दुमडली आणि मी दोरावरून नुसता घसरत राहिलो. मी काय करू शकत होतो? माझ्यात जे कापणारं होतं ते चार दिवसांपूर्वी याच मिलमध्ये ठिणग्यांबरोबर उडून गेलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायला तोंड असलेला माणूस माझ्याशेजारी गप्प उभा होता.

इंद्रजीतभैयांनी धारेवरून आडवा अंगठा फिरवला. ते वाईट बोलले नाहीत. "बिटिया, घर के काम के लिए ठीक है," ते म्हणाले. "मशीन के ब्लेड इससे नहीं बनेंगे." मंजिरीनं मान हलवली. मारोतीराव खाली बघत होते.

पुढचे तीन दिवस मी लांजेवारांच्या घरात टेबलावर पडून होतो आणि मंजिरी माझ्यासमोर बसून होती. तिनं आपली जुनी टिपणं काढली, आकडे पुन्हा पुन्हा तपासले. भट्टीचं तापमान दाखवणारं यंत्रच तेव्हा चुकीचं असेल का, असं ती आईला विचारत राहिली. तसं असेल तर माझ्यासारखे हजारो चाकू तिच्या हातून बाजारात गेले होते. ज्या कामावर तिनं सात महिने जीव टाकला तेच खोटं होतं असं तिला वाटू लागलं. ती जेवेना. मारोतीराव समोर बसून आपला भात चिवडायचे आणि उठून जायचे. मंगळवारी बातमी आली की इंद्रजीतभैयांनी मागची शेड एका पॅकिंगवाल्याला दिली. त्या दिवशीही मारोतीराव बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी मंजिरीनं लॅपटॉप उघडला आणि अमेरिकेतल्या मालकाला पत्र लिहायला बसली. तिनं आईला वाचून दाखवलं. माझ्या कामात चूक झाली असावी, त्या वर्षीचा सगळा माल तपासून घ्यावा, जबाबदारी माझी आहे, असा मजकूर होता. म्हणजे आता इथली शेड तर गेलीच होती, तिथली नोकरीही जाणार होती. मारोतीराव कामावर निघण्यासाठी दारात चपला घालत होते. ते तसेच परत आत आले.

"मंजू, ते पाठवू नोको. तुही चूक नाही. चाकू मी जाळला."

"जाळला म्हणजे?"

"ग्राइंडरवर धरला होता, ठिणगी पाहाले. निळा झाला, तं घासून टाकला."

मंजिरीला मराठी चांगली येते, पण चिडली की ती हिंदीत बोलते. "तो शनिवार को क्यों नहीं बोले, बाबा? मैं वहीं खड़ी थी."

मारोतीरावांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "लोक होते न तिथं."

लोक होते. बस, एवढंच कारण. ज्या माणसाची ठिणगी कधी चुकत नाही त्याची चूक दहा माणसांना कळू नये म्हणून त्यानं आपल्या मुलीला तीन दिवस स्वतःला दोष देत बसू दिलं.  मंजिरीनं लॅपटॉप मिटला आणि मला हातात घेतलं. बोलल्या त्या शारदाताई. त्या एरवी नवऱ्याला उलट बोलत नाहीत.

"ज्या लोकाईसमोर चूप राह्यले, त्याच लोकाईसमोर जाऊन बोला," त्या म्हणाल्या. "मले सांगून काय होते?"

मारोतीराव गेले. आणि खरं ते सांगायला हवं, त्यांनी सांगितलं. दुपारच्या चहाला सगळे जमलेले असताना, इंद्रजीतभैयांना मुद्दाम बोलावून आणून सांगितलं की पोरीचं काम खरं होतं, चाकू मी माझ्या हातानं जाळला आणि डाग पुसून गप्प बसलो. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, घरी येऊन ते शारदाताईंना सांगत होते तेव्हा. इंद्रजीतभैया त्यांना एवढंच म्हणाले होते, "मंगल से पहले बोल देते, मारोती जी. अब तो जबान दे चुका हूँ."

मंजिरीनं दोन दिवस मला दगडावर घासलं. ग्राइंडरला हात लावला नाही. दगडावर पाणी टाकत, पातं थंड ठेवत, तिनं जळलेलं सगळं पोलाद हातानं झिजवून काढलं. तिच्या बोटांची सालं निघाली. मी रुंदीला निम्मा झालो, पण आतलं पोलाद अजून तिनं पाणी दिलेलंच होतं, तिथपर्यंत आच पोचली नव्हती. शुक्रवारी तिनं अंगणात तसलाच जाड दोर आणला आणि कापायला बसली. शारदाताई मोजत होत्या. चाळीस झाले, पन्नास झाले, मग तिनं वर्तमानपत्राचं पान हवेत धरून उभं चिरलं. शारदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. मिलमधलं कुणी ते बघायला नव्हतं. जो निकाल उरल्यात लागायला हवा होता तो एका अंगणात, एका आईसमोर लागला, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

सुट्टी संपली आणि मंजिरी परत गेली. जाताना तिनं मला मिटून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वापरा."  आता मी पुन्हा मारोतीरावांच्या खिशात आहे. ते माझ्यानं रोज बिही कापतात. या अरुंद पात्याकडं पाहून मिलमध्ये नवा कुणी हमखास विचारतो की हा कुठला, केवढ्याला घेतला. मारोतीराव देशाचं नाव घेत नाहीत आणि किंमतही सांगत नाहीत. "माह्या पोरीनं याले पाणी देल्लं होतं," ते सगळ्यांदेखत सांगतात, "अन् मी जाळलं." दर वेळी सांगतात. कुणी हसलं तरी सांगतात. त्या वेळी त्यांचा हात माझ्यावर घट्ट असतो, आणि मला त्यांची दया येते. पण राग जात नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. कुणी आपल्या हातानं केलेली वस्तू तुमच्यासमोर ठेवली तर मोबाइल काढून तिची किंमत शोधू नका, आणि आपली हुशारी दाखवायला तिची परीक्षाही घेऊ नका. ती वापरा. वस्तू वापरली की आपोआप कळते, मी पाच वर्षं रोज तेच सांगत होतो. आणि तुमच्या हातून ती बिघडली, तर त्याच ठिकाणी, त्याच लोकांसमोर, त्याच दिवशी सांगून टाका. हसतील ते हसतील. मारोतीराव आज कितीही खरं बोलले तरी ते शनिवारी बोलले नाहीत. भट्टीला दुसरी एखादी जागा मिळेल असं शारदाताई फोनवर म्हणत असतात. मिळेलही. पण मिलच्या मागच्या शेडमध्ये आता छपरापर्यंत खोकी रचलेली आहेत, आणि मंजिरी अमेरिकेतच आहे.